सतराव्या वर्षी जगज्जेत्या, पंचविशीत कुठे?

२०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई या तीन ठिकाणी सामने होते. ३० ऑक्टोबरला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला १-० असं हरवून चषक नेला. आपल्या मुलींवर अमेरिका, मोरोक्को आणि ब्राझील यांनी मिळून सोळा गोल चढवले आणि आपल्याला एकही करता आला नाही, एवढंच बहुतेकांच्या लक्षात राहिलं. पण या वयोगटात ज्याच्या नावाचा सर्वांत जास्त दबदबा आहे तो संघ त्या स्पर्धेत नव्हताच, याची फारशी चर्चा झाली नाही. २०१९ मध्ये थायलंडमधल्या आशियाई स्पर्धेची अंतिम फेरी गाठून त्याने भारताचं तिकीट काढलं होतं. मग करोना आला, त्या देशाने सीमा बंद केल्या आणि संघाने माघार घेतली. त्यांच्या जागी चीनच्या मुली आल्या.

तो संघ उत्तर कोरियाचा. क्षेपणास्त्रं, लष्करी संचलनं आणि पिढीजात सत्ता यांपलीकडे या देशाविषयी आपल्या कानावर फारसं काही येत नाही. पण मुलींच्या वयोगटांतल्या फुटबॉलचा इतिहास लिहायला घेतला, तर या देशाला पहिल्या पानापासून जागा द्यावी लागते.

सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक २००८ मध्ये सुरू झाला. २०२५ पर्यंत तो नऊ वेळा खेळला गेला. त्यातल्या आठ स्पर्धांत उत्तर कोरिया उतरला आणि चार जिंकला. स्पेनने दोन जिंकले. दक्षिण कोरिया, फ्रान्स आणि जपान यांच्या वाट्याला एकेक आला. अमेरिकेकडे या वयोगटाचा एकही चषक नाही. वीस वर्षांखालील गटात उत्तर कोरियाची तीन विजेतेपदं आहेत आणि तिथे तो अमेरिका व जर्मनी यांच्या बरोबरीने उभा आहे. दोन्ही मिळून सात. आणि थोरल्यांच्या विश्वचषकात? एकदाच उपांत्यपूर्व फेरी, २००७ मध्ये चीनमध्ये, आणि तिथेही जर्मनीकडून ०-३ असा पराभव.

धाकट्या आणि थोरल्या संघांतली ही तफावत दुसऱ्या कुठल्याही देशाच्या बाबतीत इतकी ठळक नाही. माझ्या मते या संघाबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न हाच आहे. त्या जिंकतात कशा, हा त्याचा अर्धा भाग. जिंकल्यावर त्यांचं पुढे काय होतं, हा उरलेला अर्धा.

आधी जिंकण्याचं पाहू. पहिला धक्का २००६ मध्ये मॉस्कोत बसला. वीस वर्षांखालील विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उत्तर कोरियाने चीनचा ५-० असा फडशा पाडला. किम सोंग-हुईने एकटीने तीन गोल केले. चीन त्या काळी आशियातली मातब्बर ताकद होती. १९९९ मध्ये त्यांचा थोरला संघ विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अमेरिकेशी शूटआउटपर्यंत झुंजला होता. अशा परंपरेतल्या मुलींवर अंतिम सामन्यात पाच गोल चढतात, तेव्हा त्याला योगायोग म्हणता येत नाही.

दोन वर्षांनी न्यूझीलंडमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा पहिलावहिला विश्वचषक भरला. अंतिम सामन्यात समोर अमेरिका. नव्वद मिनिटांनंतर १-१, आणि जादा वेळेत कोरियन मुलींनी २-१ असा निकाल लावला. त्याच महिन्यात सुरू झालेल्या चिलीतल्या वीस वर्षांखालील स्पर्धेत मात्र याच दोन देशांच्या मोठ्या मुली अंतिम फेरीत भेटल्या, तेव्हा अमेरिकेने २-१ अशी परतफेड केली. त्या सामन्यात अमेरिकेकडून गोल करणाऱ्यांत ॲलेक्स मॉर्गन नावाची एक मुलगी होती. हे नाव पुढे पुन्हा येईल.

यानंतरचा आलेख सरळ चढत गेला असं नाही, आणि ते सांगायला हवं, कारण या देशाबद्दल लिहिताना ‘अजिंक्य यंत्र’ छापाची भाषा लोकांना फार आवडते. २०१० मध्ये त्रिनिदादला उपांत्य फेरीत गाठ पडली दक्षिण कोरियाशी. भावकीतली लढत. ती दक्षिणेने २-१ अशी जिंकली आणि पुढे चषकही नेला. उत्तर चौथ्या क्रमांकावर राहिली. २०१२ मध्ये अझरबैजानमध्ये त्यांनी गांबियाला ११-० असं हरवून सुरुवात दणक्यात केली आणि अंतिम सामन्यापर्यंत मजल मारली, पण बाकूत फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाल्यावर शूटआउटमध्ये ६-७ ने हार पत्करली. २०१४ मध्ये कोस्टा रिकात तर गटसाखळीतूनच गाशा गुंडाळावा लागला.

मग आलं २०१६. २१ ऑक्टोबरला अम्मानमध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा अंतिम सामना झाला. समोर गतविजेता जपान. सामना गोलशून्य राहिला आणि शूटआउट ५-४ असं उत्तर कोरियाच्या बाजूने सुटलं. त्यानंतर सहा आठवड्यांनी, ३ डिसेंबरला, पापुआ न्यू गिनीतल्या पोर्ट मोर्सबीत वीस वर्षांखालील संघाने फ्रान्सला ३-१ असं हरवलं. मुलींच्या दोन्ही वयोगटांचे चषक एकाच वर्षी एका देशाने जिंकण्याची ही पहिलीच वेळ.

२०१८ मध्ये दोन्ही संघ उपांत्यपूर्व फेरीत थांबले: धाकट्या स्पेनकडून शूटआउटमध्ये, मोठ्या फ्रान्सकडून ०-१ ने. जानेवारी २०२० मध्ये करोनाच्या भीतीने उत्तर कोरियाने सीमा मिटल्या त्या अशा, की पुढची जवळपास चार वर्षं तिथल्या महिला फुटबॉलचं जगाला दर्शनच झालं नाही. सरावाचे सामने नाहीत, दौरे नाहीत, परदेशी संघाशी दोन हात नाहीत. इतकी वर्षं कोंडून घेतलेला संघ बाहेर येईल तेव्हा त्याला गंज चढलेला असणार, हा अंदाज कुणीही केला असता.

झालं उलटंच. २०२४ च्या मार्चमध्ये ताश्कंदला वीस वर्षांखालील आशियाई अंतिम सामन्यात जपान २-१ ने गारद. मे महिन्यात बालीत सतरा वर्षांखालील अंतिम सामन्यात पुन्हा जपान, १-० ने. सप्टेंबरमध्ये कोलंबियात वीस वर्षांखालील विश्वचषक झाला. पहिल्या सामन्यात अर्जेंटिनावर सहा गोल, दुसऱ्यात कोस्टा रिकावर नऊ. मग बाद फेरीचा खरा कस लागला, तेव्हा ब्राझील, अमेरिका आणि जपान हे तिन्ही संघ ओळीने १-० अशा फरकाने हरले. २२ सप्टेंबरला बोगोटात जपानविरुद्धचा एकमेव गोल पंधराव्या मिनिटाला झाला, चोए इल-सोन हिचा. तेव्हा ती सतरा वर्षांची होती, म्हणजे स्वतःहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुलींमध्ये खेळत होती, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू व सर्वाधिक गोल करणारी हे दोन्ही मान तिलाच मिळाले.

त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनी, ३ नोव्हेंबरला, डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या राजधानीत सतरा वर्षांखालील अंतिम सामना झाला. स्पेन आधीच्या दोन्ही स्पर्धांचा विजेता. १-१ अशी बरोबरी, शूटआउट ४-३. म्हणजे २०१६ चा दुहेरी पराक्रम आठ वर्षांनी जशाच्या तसा, तितक्याच अंतराने. पुढच्या वर्षी मोरोक्कोत ही स्पर्धा सोळाऐवजी चोवीस संघांची झाली आणि उत्तर कोरियाने सातही सामने जिंकले. नेदरलँड्सला गटात ५-० आणि अंतिम सामन्यात ३-० असं दोनदा हरवलं. मधल्या वाटेवर जपानला ५-१ आणि ब्राझीलला २-०. यू जोंग-ह्यांगने स्पर्धेत आठ गोल केले. जपानवर पाच गोल ही बाब मला अंतिम सामन्याहूनही मोठी वाटते, कारण मुलींच्या फुटबॉलमध्ये जपानची घडण जगात उत्तम मानली जाते आणि हे दोन संघ एकमेकांना नखशिखांत ओळखतात.

आता हे कसं साधतं? त्यासाठी वयोगटाच्या फुटबॉलमध्ये नेमकं काय मोजलं जातं ते समजून घ्यावं लागेल.

नियम साधा आहे. २०२४ च्या सतरा वर्षांखालील स्पर्धेत १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच खेळू शकत होत्या. त्यामुळे प्रत्येक स्पर्धेला संघ जवळजवळ नव्याने बांधावा लागतो. थोरल्या संघात दहा-दहा वर्षं एकत्र खेळलेल्या बायका असतात. त्यांना एकमेकींच्या पायातली चाल न बघता कळते. सोळा वर्षांच्या मुलींच्या संघाला ही सवड मिळत नाही. इंग्लंड किंवा स्पेनमधली सोळा वर्षांची मुलगी आठवडाभर आपल्या क्लबमध्ये सराव करते, शाळा करते आणि राष्ट्रीय शिबिराला वर्षातून मोजके दिवस येते. अमेरिकेत वीस वर्षांखालच्या बहुतेक मुली विद्यापीठांच्या संघांतून खेळतात आणि त्यांचा हंगाम नेमका ऑगस्ट ते डिसेंबर असतो. खेळाडू गुणवान असतात, पण ‘संघ’ म्हणून त्यांनी एकत्र काढलेले तास थोडे.

उत्तर कोरियात गणित उलटं आहे. निवडलेल्या मुली लहान वयात राज्याच्या देखरेखीखाली येतात, एका ठिकाणी राहतात, एकाच पद्धतीने शिकतात आणि स्पर्धेला जाण्यापूर्वी दीर्घ काळ एकत्र सराव करतात. त्यांना परत मागणारा क्लब नाही, एजंट नाही, परीक्षेचं वेळापत्रक आडवं येत नाही. ज्या स्पर्धेत इतर सगळे संघ अर्धे-कच्चे असतात, तिथे एकच संघ पूर्ण भाजलेला उतरतो. प्रतिस्पर्ध्याच्या पायात चेंडू गेला की तिघी-चौघींनी एकदम त्याच्यावर धावून जाणं, मागे उरलेल्यांनी त्याच क्षणी मोकळ्या जागा बुजवणं आणि चेंडू हिसकावला की दोन-तीन पासमध्ये गोलसमोर पोहोचणं, हा त्यांचा खेळ. वैयक्तिक कसबापेक्षा यात रोजच्या तालमीचा वाटा मोठा असतो. २०२४ च्या बाद फेऱ्यांमधले ते ओळीने १-० चे निकाल आठवा. एक गोल पुढे गेल्यावर तासभर शिस्त न मोडता किल्ला लढवणं हे सतरा-अठरा वर्षांच्या वयात आपोआप येत नाही.

या व्यवस्थेचं दिसणारं रूप म्हणजे प्योंगयांगची आंतरराष्ट्रीय फुटबॉल शाळा. रुंगना नावाच्या नदीतल्या बेटावर, प्रचंड मोठ्या मे दिन स्टेडियमजवळ, २०१३ मध्ये ती उघडली. देशभरातून हेरलेली मुलं-मुली तिथे राहून शिकतात. २००७ साली जन्मलेली मुलगी त्या वर्षी सहा वर्षांची होती, म्हणजे २०२४ च्या चषकांची तारीख आणि शाळेची तारीख छान जुळते. पण इथे जरा थांबावं. २००६ आणि २००८ चे चषक या शाळेच्या आधीचे आहेत. त्यामुळे सगळं श्रेय एका इमारतीला देणाऱ्या बातम्या वाचताना मला तरी पुरेसं समाधान होत नाही. शाळेच्या आधीपासून सैन्याचा ‘२५ एप्रिल’ हा क्लब आणि त्यासारखी इतर सरकारी क्रीडापथकं होती आणि गावोगावच्या शाळांतून मुली निवडून वर पाठवण्याची साखळीही. शाळेने ती साखळी घट्ट केली, एवढंच म्हणणं रास्त.

मुळाशी गेलं तर आणखी एक कारण सापडतं, आणि ते कोरियात नाही, युरोपात आहे. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये इंग्लंड, जर्मनी, ब्राझील यांनी शंभर वर्षांची आघाडी घेतलेली होती. गरीब, एकाकी देशाने ती भरून काढणं अवघड. (तरी १९६६ मध्ये उत्तर कोरियाच्या पुरुषांनी इटलीला १-० असं हरवून विश्वचषकातून घरी पाठवलं होतं, हे जुन्या फुटबॉलवेड्यांना आठवत असेल.) बायकांच्या फुटबॉलमध्ये मात्र याच बड्या देशांनी स्वतःच्या हाताने स्वतःचे पाय बांधून ठेवले होते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांची मैदानं बायकांना बंद केली, ती जवळपास पन्नास वर्षं बंदच होती. पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७० अशी बंदी होती. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांनी फुटबॉल खेळणं कायद्यानेच निषिद्ध होतं. बायकांचा पहिला अधिकृत विश्वचषक १९९१ चा. उत्तर कोरियाने १९८० च्या दशकात बायकांच्या फुटबॉलकडे लक्ष वळवलं तेव्हा जगातले बहुतेक देश अजून बुटांच्या नाड्याच बांधत होते. ज्या खेळात जुनी सरंजामशाही नाही, तिथे लवकर आणि नेटाने शिरणाऱ्याला जागा मिळते, हे तिथल्या राज्यकर्त्यांनी ओळखलं. त्यांच्या थोरल्या संघाने २००१, २००३ आणि २००८ मध्ये आशियाई चषक जिंकला, आणि २००२, २००६ व २०१४ मध्ये आशियाई खेळांतलं सुवर्ण.

राज्यकर्त्यांना त्यातून काय मिळतं हे लपलेलं नाही. २०१५ च्या ऑगस्टमध्ये थोरला संघ चीनमधल्या वुहानहून पूर्व आशियाई स्पर्धा जिंकून परतला, तेव्हा स्वतः किम जोंग-उन विमानतळावर स्वागताला उभे होते. खेळाडूंना मानपदव्या मिळतात, राजधानीत घरं मिळतात. ज्या देशात प्योंगयांगमध्ये राहायलाही परवानगी लागते, तिथे शेतकऱ्याच्या मुलीसाठी चेंडू ही किती मोठी शिडी असेल ते सांगायला नको. पण ती शिडी मुलीने स्वतः निवडली की तिच्या हाती दिली गेली, हे विचारायची सोय तिथे नाही.

आता दुसरा अर्धा भाग. जिंकल्यावर काय?

२००८ च्या ऑकलंडमधल्या त्या अंतिम सामन्यात हरलेल्या अमेरिकन संघात क्रिस्टल डन आणि सॅम मेविस होत्या. अकरा वर्षांनी, २०१९ मध्ये, त्या दोघी थोरल्यांचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होत्या. त्याच वर्षी चिलीत खेळलेल्या ॲलेक्स मॉर्गनने तर २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक जिंकले. २०१२ मध्ये बाकूत सर्वोत्तम खेळाडू ठरलेली फ्रान्सची ग्रिएज म्बॉक पुढे वर्षानुवर्षं फ्रान्सच्या बचावफळीचा कणा राहिली. २०१६ मध्ये अम्मानला शूटआउटमध्ये हरलेल्या जपानच्या फुका नागानोने २०२३ च्या विश्वचषकात मधली फळी सांभाळली. समोर खेळलेल्या मुली, हरलेल्या असोत वा जिंकलेल्या, जगासमोर मोठ्या होत गेल्या. उत्तर कोरियाच्या मुली मात्र दिसेनाशा झाल्या.

२००८ च्या पिढीचं काय झालं याची नोंद आहे, आणि ती क्लेशदायक आहे. त्यांतल्या बऱ्याच जणी २०११ मध्ये जर्मनीतल्या थोरल्यांच्या विश्वचषकात उतरल्या. विशीतल्या मुलींचाच तो संघ होता. पहिला सामना अमेरिकेकडून ०-२ असा गेल्यावर प्रशिक्षकांनी सांगितलं की जूनच्या सुरुवातीला प्योंगयांगमध्ये सरावादरम्यान खेळाडूंवर वीज पडली होती. लोक हसले. पण हसू लवकरच मावळलं, कारण पाच खेळाडूंच्या चाचण्यांत स्टेरॉइड सापडली. वीज पडल्यानंतर उपचार म्हणून कस्तुरीमृगाच्या ग्रंथीपासून केलेलं पारंपरिक औषध दिलं होतं, असा खुलासा कोरियाच्या संघटनेने केला. तो फिफाने मान्य केला नाही. खेळाडूंवर बंदी आली, चार लाख डॉलरचा दंड झाला आणि संघाला २०१५ च्या विश्वचषकातून आधीच बाद करण्यात आलं. बंदी झालेल्यांत २००८ च्या जगज्जेत्या संघातली एक खेळाडूही होती. एवढ्या तरुण मुलींना काय दिलं जातंय यावर त्यांचं स्वतःचं नियंत्रण कितपत असेल, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही. धाकट्या संघांच्या चषकांशी या प्रकरणाचा संबंध जोडण्याला मात्र आधार नाही.

२०१५ चा विश्वचषक गेला. २०१९ चा कसा गेला ती हकिकत आपल्या घराजवळची आहे. त्यासाठीची पहिली पायरी होती आशियाई चषकाची पात्रता फेरी, आणि ती एप्रिल २०१७ मध्ये खुद्द प्योंगयांगमध्ये, किम इल-सुंग स्टेडियमवर झाली. गटात उत्तर कोरिया, दक्षिण कोरिया, उझबेकिस्तान, हाँगकाँग आणि भारत. पुढे जाणार एकच. दोन्ही कोरियांचा सामना १-१ असा बरोबरीत सुटला आणि दोघांनीही बाकीचे तिन्ही सामने जिंकले. निकाल गोलफरकावर आला. उझबेकिस्तानवर दोघांनीही चार-चार गोल केले होते. हाँगकाँगवर उत्तरेने पाच, दक्षिणेने सहा. आणि भारतावर उत्तरेने आठ, दक्षिणेने दहा. एकूण तीन गोलांच्या फरकाने दक्षिण कोरिया पुढे गेला, आणि त्यातले दोन गोल आपल्या जाळ्यातून आलेले होते! आदल्याच वर्षी दोन-दोन चषक आणणारा देश फ्रान्समधल्या विश्वचषकाला मुकला, तो बराचसा भारतीय बचावफळीवर दोन गोल कमी चढवल्यामुळे, असं गमतीने म्हणता येईल. त्या मुलींना ती गंमत वाटली नसेल.

२०२३ चा विश्वचषक करोनाच्या बंद सीमांनी खाल्ला. लागोपाठ तीन विश्वचषक हुकले, तीन वेगवेगळ्या कारणांनी. फुटबॉलपटूचा बहर बावीस ते तीस या वयात असतो; बारा वर्षांच्या या खंडात एक अख्खी पिढी फुलून सुकून गेली. थोरला संघ अजून जागतिक क्रमवारीत पहिल्या दहाच्या आसपास असतो, हेच आश्चर्य. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅरिस ऑलिंपिकच्या उंबरठ्यावर जपानने त्यांना टोकियोत २-१ असं रोखलं, तेही पहिला सामना गोलशून्य झाल्यावर. म्हणजे ताकद होती. फक्त ती मोजायची ठिकाणं बंद होत गेली.

पण तीन अपघातांच्याही खाली एक कायमचं कारण आहे. नेरुळला अंतिम सामना हरलेल्या कोलंबियाच्या संघात लिंडा कैसेदो होती. त्या एका वर्षात ती थोरल्यांचा कोपा अमेरिका, वीस वर्षांखालील विश्वचषक आणि सतरा वर्षांखालील विश्वचषक असे तिन्ही खेळली. फेब्रुवारी २०२३ मध्ये, अठरा वर्षं पूर्ण होताच, रेआल माद्रिदने तिला करारबद्ध केलं, आणि त्याच वर्षी थोरल्यांच्या विश्वचषकात तिने जर्मनीविरुद्ध केलेला गोल जगभर पाहिला गेला. वयोगटाची स्पर्धा म्हणजे बड्या क्लबांचा बाजारच असतो. निरीक्षक वह्या घेऊन बसलेले असतात आणि खरी घडण त्यानंतर सुरू होते. आठवड्याला आठवडा, जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंविरुद्ध, वेगवेगळ्या पद्धतींच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली खेळून विशीतली मुलगी पंचविशीत परिपूर्ण होते.

चोए इल-सोनसाठी तो रस्ता नाही. तिच्या देशाची परवानगी मिळाली असती तरीही नाही. डिसेंबर २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २३९७ क्रमांकाचा ठराव केला: परदेशात कमाई करणाऱ्या उत्तर कोरियाच्या सर्व नागरिकांना दोन वर्षांच्या आत मायदेशी धाडावं. रोख होता अण्वस्त्रांना पैसा पुरवणाऱ्या मजुरीवर, पण फुटबॉलपटूही पगारदारच. हान क्वांग-सोंग नावाचा तरुण इटलीत काल्यारीकडून खेळला, युव्हेंतुसने त्याला विकत घेतलं, तिथून तो कतारच्या अल-दुहैलला गेला आणि अखेर या ठरावाच्या कचाट्यात सापडून त्याची परदेशातली कारकीर्द थांबली. मुलींच्या बाबतीत तर दार उघडण्याआधीच मिटलं. निर्बंधांची झळ इतकी बारीक आहे, की २०१७ ची जपानमधली पूर्व आशियाई स्पर्धा उत्तर कोरियाच्या महिला संघाने जिंकली तेव्हा आयोजकांनी त्यांना बक्षिसाची रक्कम दिली नाही.

म्हणून तफावतीचं माझं स्पष्टीकरण असं, की तिच्या दोन्ही टोकांना कारण एकच आहे. बंदिस्तपणा. सोळाव्या वर्षी तो फायद्याचा ठरतो, कारण इतरांच्या मुली विखुरलेल्या असतात आणि यांच्या एकत्र. बाविसाव्या वर्षी तोच तोट्याचा ठरतो, कारण इतरांच्या मुली जगभरातून शिकून आलेल्या असतात आणि यांच्या अजून एकमेकींशीच खेळत असतात. चोए इल-सोन आणि यू जोंग-ह्यांग यांचा खेळ पाहताना वाटणारं कौतुक यामुळे कमी होत नाही. उलट सतराव्या वर्षी त्या जे करतात ते त्यांच्या खेळाचं शिखर ठरू नये, असं फार वाटतं.

एक फट मात्र अलीकडे दिसू लागली आहे. सुरक्षा परिषदेचा ठराव एकट्या खेळाडूला परदेशात नोकरी करू देत नाही, पण अख्खा क्लब स्पर्धेसाठी बाहेर जाऊ शकतो. आशियाई महासंघाने महिला क्लबांची चॅम्पियन्स लीग सुरू केली आहे आणि २०२५-२६ च्या हंगामात प्योंगयांगचा नेगोह्यांग हा क्लब तिच्यात उतरला. त्याच हंगामात कोलकात्याचं ईस्ट बंगालही त्या स्पर्धेत खेळलं. राष्ट्रीय संघाच्या दौऱ्यांची वाट न पाहता जपान, दक्षिण कोरिया, चीन, ऑस्ट्रेलियाच्या व्यावसायिक क्लबांशी भिडण्याची सोय त्यामुळे झाली. मोरोक्कोत सतरा वर्षांखालील विश्वचषक आता २०२९ पर्यंत दरवर्षी व्हायचा आहे, त्यामुळे धाकट्यांचे चषक कदाचित आणखी वाढतील. थोरल्यांसाठी या क्लब सामन्यांची तारीखपत्रिका अधिक लक्ष ठेवण्यासारखी आहे.